वाकड्याची जागा

१

रोज सकाळी साडेसहाला काटेबाई पिल्लं तोलायची.

हे नाव तिला पार्सलच्या ऑफिसात पडलेलं. तिथे खिडकीमागे बसून वीस वर्षं ती लोकांची खोकी काट्यावर ठेवत आली होती. गिऱ्हाईक म्हणायचं, "दोनच किलो असेल हो, बाई," आणि बाई म्हणायची, "असेल कशाला, काटा सांगेल ना." माणसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही, एवढं एक शहाणपण तिने नोकरीत कमावलं होतं. दुसरं फारसं काही कमावलं नव्हतं. लग्न जमलं नाही, वडील लवकर गेले. घरात ती आणि आई, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत थोरला भाऊ.

बजरीगर पक्ष्यांची जोडी घरात आली ती आईसाठी. भाऊ गेल्यापासून आई कामापुरतंच बोलायची. मीठ दे, दार लाव, झालं. डॉक्टर म्हणाले, घरात काहीतरी जिवंत आणा म्हणजे मन रमेल. काटेबाईला तेव्हा हसू आलं होतं, कारण त्या घरात ती स्वतः चांगली जिवंत वावरत होती. पण तिने काही न बोलता जोडी आणली. मागच्या खोलीत खिडकीपाशी पिंजरा टांगला, त्याच्या कडेला लाकडी पेटी जोडली, आत भुसा पसरला. मादीने पाच अंडी घातली आणि पाचही फुटली. एकाच दिवशी नव्हे, एका दिवसाआड एक अशी, त्यामुळे भावंडं उतरत्या भाजणीची होती.

शेवटचं फुटलं त्या दिवशी आई पेटीपाशी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "तुझ्या हाताला गुण आहे गं."

अडतीस वर्षांत आईच्या तोंडून तिच्या वाट्याला आलेलं हे पहिलं धड वाक्य. काटेबाई न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

त्यानंतर ती त्या पिल्लांना डोळ्यांत तेल घालून जपू लागली. वाटीत मऊ कापड, वाटी छोट्या काट्यावर, आणि एकेक पिल्लू वाटीत. दुसऱ्या नंबरच्या पिल्लाच्या डाव्या पायाचं एक बोट आत वळलेलं होतं, म्हणून तो वाकड्या. खाण्यात मात्र पहिला. मादी आत शिरली की आधी त्याच्याकडेच जायची. पाचवं ते शेंडेफळ. त्याला उरलंसुरलं मिळायचं.

वाकड्या नऊ दिवसांचा झाला त्या सकाळी तिने पेटीचं झाकण उघडलं, तर तो कोपऱ्यात गार पडला होता. गुटगुटीत, पंधरा ग्रॅमचा, काही झाल्याची खूण नाही. मादी बाहेर दांडीवर बसून नराकडून दाणे घेत होती. आई अजून उठायची होती. काटेबाईने वाकड्याला वर्तमानपत्रात गुंडाळलं, पर्समध्ये टाकलं, कोपऱ्यातला भुसा बोटाने सारखा केला आणि हात धुतले. झाकपाक करण्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं.

"कशी आहेत?" चहा घेताना आईने विचारलं.

"पाचही झकास," काटेबाई म्हणाली.

ऑफिसला जाताना तिने ती पुडी कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

२

दुसऱ्या दिवशी उरलेल्या चारही पिल्लांची वजनं उतरली होती.

थोरल्याचं दोन ग्रॅमने, बाकीच्यांचं एकेकाने. पिल्लाच्या गळ्याखाली एक पिशवी असते. आईने भरवलं की ती तट्ट फुगते, आतले दाणे कातडीतून दिसतात. चौघांच्याही पिशव्या सपाट होत्या. मादी तर दिवसभर आत-बाहेर करत होती. आत जाताना तिचा गळा भरलेला असायचा आणि बाहेर येताना रिकामा. मग दाणे जात कुठे होते?

काटेबाई पेटीला कान लावून बसली. मादी आत गेली की पिल्लं चिरकायची. थोरल्याचा आवाज जाडा, मधल्या दोघांचा बारीक, शेंडेफळाचा तर जेमतेम ऐकू येईल एवढा. हे चार. आणि त्यांच्यावर एक भरदार, हक्काचा आवाज. तिने दोनदा मोजलं, मग स्वतःशीच म्हणाली, चार तोंडं एका पेटीत ओरडली की घुमणारच. लाकूड आहे, घुमतं.

संध्याकाळी ती पक्षीवाल्या काकांकडे गेली. त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना पिंजरे आणि मध्ये माणूस आडवा चालेल एवढी जागा. काका पाण्याच्या वाट्या भरत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी वर न बघता विचारलं, "मेलेलं कुणी काढलं?"

"मी."

"मादीनं बघितलं होतं?"

"ती बाहेर होती. कशाला बघू द्यायचं? घाण नको म्हणून लगेच काढलं."

काकांचा हात थांबला. "असं करायचं नसतं, ताई. मेलेलं पिल्लू दिवसभर तसंच राहू द्यायचं. ती येते, चोच लावते, उलटंपालटं करून बघते. खात्री पटली की आपणहून बाजूला सारते. मग काढायचं."

"आणि नाही ठेवलं तर?"

"तर तिच्या लेखी ते मेलेलं नसतं."

"म्हणजे ती काय करते?"

"काय करणार. भरवत राहते."

"कुणाला?" काटेबाईने विचारलं.

काकांनी पुढचा पिंजरा उघडला, आतली वाटी काढली, विसळली. "पुढच्या वेळी लक्षात ठेवा," ते म्हणाले. आणि पिल्लांना हाताने भरवायला एक प्लास्टिकची पिचकारी तेवढी दिली.

३

अडाणी माणसं, घरी येता येता ती मनाशी म्हणाली, आयुष्य पिंजऱ्यात घालवलं की डोकंही पिंजऱ्याएवढंच राहतं. पण घरी येऊन तिने माळ्यावरून ऑफिसातला मोडीत निघालेला टेबलकाटा काढलाच. हिशोब सरळ होता. पेटीत खरोखर काही नसेल, तर काटा तसं सांगेल.

रविवार होता, हाताशी वेळ होता. तिने पिल्लं टोपलीत काढून ठेवली. पेटी झटकली, कोरडा नवा भुसा घातला, पेटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला. मग पेटी जागेवर लावली, पिल्लं आत सोडली. मादी आत शिरली. काटेबाईने घड्याळ लावून दहा मिनिटं वाट पाहिली, मादीला बाहेर काढलं, पिल्लं पुन्हा टोपलीत घेतली आणि रिकामी पेटी काट्यावर ठेवली.

सोळा ग्रॅम.

विष्ठा असेल. ओल असेल. तिने भुसा पुन्हा बदलला आणि आकडा पुन्हा शून्यावर आणला. या वेळी पिल्लं टोपलीतच राहू दिली. मादीला एकटीलाच पाच मिनिटं आत जाऊ दिलं.

सोळा ग्रॅम.

तिने झाकण उघडून पाहिलं. कोरडा, स्वच्छ, पिवळा भुसा. वाकड्याच्या कोपऱ्यात तेवढा एक गोल खळगा, मुठीत मावेल एवढा. मादी बसली असेल तिथे. तिने बोटाने तो खळगा भरला आणि झाकण लावलं. मग उघडून पुन्हा पाहायचं तिच्या मनात आलं, पण तिने पाहिलं नाही.

दारात आई उभी होती. "काय गं, सारखं उचलाठेव करतेस त्यांची? पाचही आहेत ना?"

"आहेत, आई."

"मग राहू दे. तिला कळतं तिचं."

४

त्या घरात जेवायला तीन ताटं मांडली जात.

पहिलं ताट भावाचं. आई त्याच्या खुर्चीसमोर ते ठेवायची, भाजीतले चांगले तुकडे वेचून वाढायची, वर साय घालायची, आणि मग भांडं काटेबाईकडे सरकवायची. तिच्यापर्यंत येईतो तळ दिसू लागलेला असायचा. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण आईच्या मते हा जिवंत होता तेव्हाही मणभरच देत होता. धाकटी असून काटेबाईला शेंडेफळाचे लाड कधी ठाऊक नव्हते. दुधाचा तळ, केळ्याचा काळा पडलेला अर्धा भाग, त्याचे आखूड झालेले स्वेटर, हेच तिच्या वाट्याला. तिला वाटलं होतं, तो गेल्यावर तरी आईची नजर रिकामी होईल आणि फिरत फिरत आपल्यापर्यंत येईल. असं वाटलं याची तिला लाज वाटायची, आणि तरीही वाटायचं.

तो मोटारसायकलवरून पडून गेला. आई त्या दिवशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती, डोळ्यावर पट्टी. काटेबाईने दुपारच्या आत सगळं उरकून टाकलं. नातेवाइकांना सांगितलं की चेहरा बघण्यासारखा राहिलेला नाही, आईला झेपणार नाही. सगळे म्हणाले, पोरगी खंबीर आहे.

चेहऱ्याला ओरखडासुद्धा नव्हता. डाव्या भुवईत लहानपणी पडल्याचा व्रण होता, तेवढाच. झोपल्यासारखा दिसत होता. आईची पट्टी दुसऱ्या दिवशी सुटणार होती, थांबता आलं असतं. काटेबाई थांबली नाही, कारण तिला माहीत होतं, आई आधी त्याच्याकडे बघेल आणि मग तिच्याकडे, आणि त्या बघण्यात एकच प्रश्न असेल: हाच का? तू का नाही? तो प्रश्न टाळायला तिने आईला तिचा मुलगा दाखवला नाही.

पट्टी सुटल्यावर आईला सांगितलं, तेव्हा आई रडली नाही. "बरं," म्हणाली, आणि घरी येऊन तीन ताटं मांडली.

ते भरलेलं ताट जेवणानंतर आई स्वतः उचलून आत न्यायची. अन्नाचं ती काय करते, हे काटेबाईने कधी विचारलं नाही. ऑफिसच्या काट्यावर ती दोन वर्षांत अठ्ठावन्नावरून एकोणपन्नासवर आली होती. दगदग, वय, ती म्हणायची. काटा खोटं बोलत नाही, पण काही गोष्टी आपणच त्याला विचारत नाही.

५

थोरलं पिल्लू मंगळवारी गेलं. पिचकारीने ती सकाळ-संध्याकाळ भरवत होती, पण मधले नऊ तास ती ऑफिसात असायची. या वेळी तिने काकांचं ऐकलं, मेलेलं तसंच ठेवलं. मादीने चोच लावली, उलटवलं, आणि काटेबाई ऑफिसातून आली तोवर कडेला सारलं होतं. मधली दोन बुधवारी आणि गुरुवारी गेली, त्यांचंही तसंच झालं. ती मेली ती मेली. त्यांच्या जागा कुणी राखल्या नाहीत. रिकाम्या पेटीचं वजन मात्र रोज वाढत होतं. शनिवारी सकाळी ते एकवीस ग्रॅम होतं.

उरलं शेंडेफळ. सात ग्रॅम, बोटावर घेतलं तर लागतही नव्हतं. आई झाकण कधी उघडायची नाही, आवाजावरच खूश असायची, पण हे गेलं की तिला सांगावं लागणार होतं, आणि मग तो हाताचा गुण, ते एकुलतं एक वाक्य, तेही जाणार होतं.

शनिवारी दुपारी अर्ध्या सुट्टीवर घरी येऊन तिने पेटीच्या फटीला मोबाइल लावला आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसली. वीस मिनिटांनी आणून पाहिलं.

मादी आत येते. शेंडेफळ मान उंचावतं, मान थरथरते, चोच उघडी. मादी त्याच्या अंगावरून पाय टाकून कोपऱ्याकडे जाते. खळग्यावर वाकते, चोच तिरकी करते आणि मान खालीवर हलवत भरवू लागते. तिच्या चोचीतून दाण्यांची ओली लाळ सुटते. ती भुश्यावर पडत नाही. चोचीच्या टोकापासून दोन बोटांवर ती तुटते आणि नाहीशी होते. शेंडेफळ दमून चोच मिटतं, मान टाकतं. आणि पेटीत कुणीतरी चिरकत राहतं, भरदार, हक्काने, अजून हवं म्हणून.

काटेबाईने ते एकदाच पाहिलं आणि पुसून टाकलं. फटीतून उजेड कमी येतो, कॅमेरा स्वस्तातला, ती म्हणाली. पण तिला भीती कमी आणि राग जास्त आला होता. जिवंत तोंड समोर उघडं पडलेलं आणि ही बया त्याला तुडवून जाते.

त्या रागातच तिला युक्ती सुचली. सरळसाधी, पार्सल ऑफिसातली. माल पत्त्यावरच पोचत असेल तर पत्त्यावर जाऊन बसावं.

तिने पेटी उघडली, शेंडेफळाला उचललं आणि कोपऱ्यातल्या खळग्यात नेऊन बसवलं.

६

रविवारी सकाळी शेंडेफळाच्या गळ्याखालची पिशवी तट्ट फुगलेली होती.

तिने त्याला वाटीत ठेवलं. अठ्ठावीस ग्रॅम. दिसायला तेवढंच होतं, पण हाताला जड लागत होतं. पेटी तोलली तर शून्य. काल रिकाम्या पेटीत एकवीस होते आणि शेंडेफळ सात होतं. काटेबाईने वीस वर्षांत पहिल्यांदाच समोरच्या आकड्यांची बेरीज केली नाही. तिला फक्त एवढंच दिसलं की पिल्लू जगलं.

दुपारी जेवायच्या वेळी ती भावाच्या खुर्चीत जाऊन बसली.

आई भांडं घेऊन आली. थांबली. काटेबाईला वाटलं, आता म्हणेल, ऊठ तिथून. आईने तिच्याकडे पाहिलं, चांगलं डोळे भरून, जसं तिने फक्त भावाकडे पाहिलेलं काटेबाईला माहीत होतं. मग आईने वाढलं. मोठे तुकडे, वर साय. पहिला घास स्वतः कालवून तिच्या तोंडाशी धरला.

"किती वाळलास रे," आई म्हणाली.

काटेबाईने तोंड उघडलं. ती पोटभर जेवली, पुन्हा मागून घेतलं, आणि जेवताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते आईने पदराने पुसलं. त्या 'रे'बद्दल विचार करायला तोंड रिकामं नव्हतं.

७

सोमवारी सकाळी तिने शेंडेफळाला तोलायला उचललं आणि त्याच्या डाव्या पायाचं एक बोट तिच्या अंगठ्याला आडवं लागलं.

तिने पिल्लू उजेडात नेलं. बोट आत वळलेलं होतं. शेंडेफळाचे पाय सरळ होते. पाचही पिल्लांत वाकडं बोट एकाचंच होतं. भुश्यात दबलं असेल. रात्रीत आखडलं असेल. तिने ते हळूच सरळ करून पाहिलं. ते पुन्हा वळलं. पिल्लाने चोच उघडली आणि चिरकलं, भरदार, हक्काने. त्या आवाजाखाली तो जेमतेम ऐकू येणारा दुसरा आवाज तिने फार वेळ शोधला. मग त्याला परत ठेवून ती ऑफिसला गेली.

"आज चेहऱ्यावर रंग आलाय, काटेबाई," शेजारच्या खिडकीतली म्हणाली. काटेबाई हसली. दिवसभर ती खोकी तोलत राहिली आणि मनाशी ठरवत राहिली: आज आपल्या खुर्चीत बसायचं. आईला सगळं सांगायचं, भावाच्या चेहऱ्याचंसुद्धा. काय बघायचं ते बघू दे माझ्याकडे. दुपारी तिला डबा आठवला. घरून निघताना आईने तिच्या हातात डबा दिला नव्हता, आणि तिनेही मागितला नव्हता.

संध्याकाळी घरी आली तेव्हा दिवे लागले होते आणि स्वयंपाकघरातून चांगला वास येत होता. टेबलावर दोनच ताटं होती. एक आईचं, एक त्याचं. तिची खुर्ची भिंतीला लावलेली होती आणि तिच्यावर पक्ष्यांच्या दाण्यांची पिशवी ठेवली होती.

"आई," ती म्हणाली, "माझं ताट?"

आई भांड्यातलं ढवळत होती. तिने वर पाहिलं नाही. आईला ऐकू आलं की नाही, हेही कळलं नाही. काटेबाई पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने. आईने उठून खिडकी लावली, बाहेरून काही आवाज आल्यासारखी, आणि परत येऊन ढवळू लागली.

काटेबाई बराच वेळ उभी राहिली. पिशवी उचलून खाली ठेवता आली असती, खुर्ची ओढता आली असती. पण नऊ तासांची भूक होती, आणि तिच्याखाली त्याहून कितीतरी जुनी भूक होती, आणि त्या ताटातून वाफ येत होती. सगळं कळत असूनही ती त्याच्या खुर्चीत जाऊन बसली.

बसल्याबरोबर आईचा चेहरा उजळला. "आलास? किती उशीर केलास," म्हणत तिने वाढलं. घास कालवला, भरवला, आणि मोकळ्या हाताने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. तिचा अंगठा डाव्या भुवईवर थांबला आणि तिथेच हळूहळू फिरत राहिला.

"अजून दुखतं का रे?" आईने विचारलं.

काटेबाईने हात वर नेला. आईच्या अंगठ्याशेजारी तिचं बोट टेकलं, आणि त्या जागी केस नव्हते, एक गुळगुळीत, जुनी रेघ होती.

तिने भिंतीकडे पाहिलं, तिच्या खुर्चीकडे. मग आईकडे. या घरातून कुणी एक गेलं आहे, हे आईला कळेल का, ती विचारेल का, याची तिने वाट पाहिली. आईने विचारलं नाही. तिने पुढचा घास धरला, आणि काटेबाईने तोंड उघडलं.